धुऱ्यावरचे मोह तोडायचे की राखायचे?

कुरखेडा तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याने विचारलं आहे: जंगलाला लागून आमच्या धानाच्या बांध्या (भातखाचरं) आहेत आणि धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, आजाच्या वेळचे नऊ मोठे मोह उभे आहेत. लाकडाचा व्यापारी ते मागतो आहे. झाडांच्या सावलीत धान नीट भरत नाही, फुलांच्या दिवसांत अस्वल येतं म्हणून घरच्या बाया पहाटे तिकडे जायला घाबरतात, आणि फुलंही पूर्वीसारखी पडत नाहीत असं आई म्हणते. झाडं ठेवावीत का? ठेवली तर सांभाळायची कशी? आणि नवीन लावली तर मला त्यांची फुलं वेचायला मिळतील का?

भाऊ, झाडं ठेवा. का आणि कशी ते पुढे सांगतो. पण तुमचं पत्र वाचताना मला वेगळीच गोष्ट खटकली. तुम्ही नऊ मोठ्या झाडांबद्दल लिहिलं, रोपट्याबद्दल मात्र एक शब्द नाही. मनगटाएवढा, मांडीएवढा मोह तुमच्या शिवारात शेवटचा कधी पाहिला, ते आईला विचारा. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या पट्ट्यात मी ज्या ज्या गावांसोबत जंगलाचं काम केलं, तिथे बहुतेक ठिकाणी हेच चित्र आहे. म्हातारे मोह भरपूर, तरणे थोडे आणि पोरं जवळजवळ नाहीतच. मोहाचा खरा धोका व्यापाऱ्याच्या कुऱ्हाडीपेक्षा इथे आहे.

व्यापाऱ्याचा विषय आधी संपवू. महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत सागवान, बिजा, ऐन, आंबा, चिंच, जांभूळ यांच्याबरोबर मोहही आहे. झाड स्वतःच्या सातबाऱ्यातलं असलं तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही, आणि लाकूड न्यायला वाहतूक परवाना लागतो. तुम्ही आदिवासी खातेदार असाल तर १९६९ चा वेगळा कायदा लागू होतो. त्यात अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करावा लागतो आणि व्यवहार सरकारी यंत्रणेमार्फत होतो. व्यापाऱ्याशी परस्पर सौदा करता येत नाही. "परवानगीचं आमी पाहून घेतो" म्हणणाऱ्याच्या हातून इसार घेऊ नका, कारण पुढे कागद मागितले गेले तर ते शेतमालकालाच मागितले जातात. शिवाय मोहाचं लाकूड जड आणि चिवट असलं, घराच्या मयालींना, म्हणजे तुळयांना, चाललं, तरी सागवानाचा भाव त्याला कधी मिळत नाही. पुष्कळदा ते जळाऊ म्हणूनच मोजलं जातं.

आता उभ्या झाडाचा हिशेब करा. पूर्ण वाढलेला, मोकळ्यावरचा मोह चांगल्या वर्षी क्विंटलभर ओली फुलं सहज देतो. वाळल्यावर त्याची साधारण वीस-पंचवीस किलो उरतात. २०२० मध्ये केंद्र सरकारने वाळलेल्या मोहफुलाचा आधारभूत भाव किलोला १७ रुपयांवरून ३० रुपये केला. त्या भावानेसुद्धा एका झाडाचे सहाशे-साडेसातशे होतात, आणि टोळीचे, म्हणजे मोहाच्या फळाचे, पैसे वेगळे. रक्कम डोळ्यात भरणारी नाही हे खरं. पण ती मार्च-एप्रिलमध्ये येते. धान विकून झालेला असतो, तेंदूपत्त्याचा हंगाम यायचा असतो आणि घरात रोख पैसा नसतो. त्यासाठी बियाणं लागत नाही, खत लागत नाही, पाणी लागत नाही. दरवर्षी सारखी फुलं पडतील असं मात्र धरू नका. मोहाला एक वर्ष भरभरून आलं की पुढचं वर्ष अनेकदा हलकं जातं. त्यातच फुलांच्या दिवसांत अवकाळी पाऊस किंवा गारपीट झाली तर पडलेलं फूलही काळं पडून सडतं. त्यामुळे आईची तक्रार तीन-चार वर्षांचं मिळून पाहिल्याशिवाय पक्की समजू नका.

फुलं वेचल्याने फळ कमी होतं का, हे मला नेहमी विचारतात. होत नाही. आपण वेचतो ती पाकळ्यांची रसाळ वाटी असते आणि पुंकेसर तिला आतून चिकटलेले असतात. स्त्रीकेसराची सुईसारखी दांडी कळी उमलायच्या आधीच टोकातून बाहेर डोकावते. परागीकरण उरकलं की वाटी गळते, बीजकोश मात्र देठासकट फांदीवरच राहतो आणि त्याचीच पुढे टोळ होते. म्हणजे गळून पडलेलं फूल हे झाडाने आपलं काम संपवून टाकून दिलेलं असतं. सगळं वेचलं तरी झाडाचं काही जात नाही. जातं ते फांद्या झोडपल्याने. मोहाची फुलं डहाळीच्या टोकाला झुपक्यांनी येतात. बांबूने टोकं मोडली की त्या डहाळीचं या वर्षीचं फळ आणि पुढच्या वर्षीचं फूल दोन्ही जातं. टोळीच्या वेळी जून महिन्यात हे फार चालतं, कारण शेजारच्याने आधी नेऊ नये म्हणून कच्चीच पाडतात. कच्च्या टोळीत तेल कमी भरतं, म्हणजे झाडाचंही नुकसान आणि घाणीवरही नुकसान. फुलं आणि फळं दोन्ही पडतील तशी उचलायची, हा नियम घरात पक्का करा.

सगळ्यात मोठा घात आग करते. फुलं पडायच्या आधी मोहाची पानं गळतात, आणि खालचा पाला साफ करायला काडी लावणं सोपं वाटतं. काळ्या जमिनीवर पांढरट फूल छान दिसतं, हातही भराभर चालतो. पण ती आग झाडाखाली थांबत नाही. वारा सुटला की झुडपी जंगलात शिरते आणि तिथून राखीव जंगलात जाते. विदर्भात वणव्याचा काळ १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतात. मोहाचा हंगाम बरोबर त्याच्या पोटात येतो. आगीत मोठं झाड मरत नाही, म्हणून नुकसान दिसत नाही. त्याच्या बुंध्याची साल दर उन्हाळ्याला थोडी थोडी जळते, जखमेतून कीड आणि कुज आत शिरते, आणि वीस वर्षांनी एका वादळात झाड मुळापाशी मोडतं. खालची बोटभर रोपटी मात्र पहिल्याच आगीत संपतात. जंगलातल्या आगीइतकंच शेतातला धुरा पेटवणंही वाईट. एप्रिल-मे मध्ये गवत आणि धसकटं साफ करायला आपण धुरे पेटवतो. तुमचे मोह धुऱ्यावरच आहेत. त्यांच्या पायाशी उगवलेलं प्रत्येक रोप दरवर्षी आपणच जाळत आलो आहोत. गवत कापून बैलांना घाला, धसकटं नांगरात जाऊ द्या, पण निदान मोहापासून दहा हात दोन्हीकडे काडी लावू नका.

पाला हटवायला खराटा पुरतो. फेब्रुवारीच्या शेवटी एकदा आणि फुलं सुरू झाल्यावर दोन-तीनदा झाडून पाला बाहेरच्या कडेला गोळा करायचा आणि खताच्या खड्ड्यात टाकायचा. त्याहून उत्तम म्हणजे जाळी. शेडनेटचं हिरवं कापड किंवा जुनी लुगडी चार खुंट्यांवर गुडघाभर उंच ताणून बांधली की फूल मातीला लागत नाही. ते स्वच्छ राहतं, वाळायला लवकर वाळतं आणि खडे-वाळू नसल्याने भावही बरा मिळतो. शिवाय पहाटे अंधारात जाऊन एकेक फूल वाकून वेचायची गरज राहत नाही. हा शेवटचा फायदा मला सगळ्यात मोलाचा वाटतो, त्याचं कारण अस्वलाच्या विषयात येईल.

जंगलाच्या दृष्टीने मोह काय आहे हे समजायला मार्च-एप्रिलमध्ये एकदा डोळे उघडे ठेवून जंगलातून फिरा. गवत वाळून कोळ झालेलं असतं, नाले आटलेले असतात, बहुतेक झाडं उघडी असतात. अशा वेळी रोज रात्री जमिनीवर साखर पडते. वाळलेल्या मोहफुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक साखरच असते. वानरं वर बसून खातात आणि अर्धं खाली सांडतात, ते टिपायला चितळं खाली उभी असतात. सांबर, भेकर, नीलगाय, रानडुक्कर, साळिंदर, कोल्हा, मोर, रानकोंबड्या हे सगळे त्या झाडाखाली येऊन जातात. अस्वल तर त्या दिवसांत मोहावरच जगतं. म्हणून मी गावात नेहमी सांगतो, फुलं घराजवळच्या आणि धुऱ्यावरच्या झाडांची पूर्ण वेचा, पण आत खोल जंगलातल्या झाडांची सोडून द्या. जनावराला आत पोटभर मिळालं तर ते तुमच्या धुऱ्यापर्यंत कमी वेळा येईल. हे दयेपोटी सांगत नाही, यात गावाचीच सोय आहे.

वटवाघळांबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण गावात त्यांच्याबद्दल फार गैरसमज आहेत. मोठं फळखाऊ वटवाघूळ आणि त्याची लहान भावंडं रात्री मोहाच्या रसाळ पाकळ्या खायला येतात आणि अंगावर पराग घेऊन एका झाडावरून दुसऱ्यावर जातात. पुढे टोळ पिकली की गर खायला पुन्हा येतात. वटवाघूळ बहुतेक वेळा फळ तोंडात धरून दुसऱ्या झाडावर जातं, तिथे उलटं लटकून गर खातं आणि बी खाली टाकतं. म्हणून मोहाची रोपं शोधायची असतील तर मोहाखाली शोधू नका. जवळच्या जांभळाखाली, वडाखाली, ऐनाखाली पाहा. जिथे जूनमध्ये चोखलेल्या टोळींच्या सालींचा आणि बियांचा थर पडलेला दिसतो, तिथेच जुलैत कोंब फुटतात. मोह पेरणारा हा गडी आपल्याकडून मजुरी मागत नाही. गावाच्या वडावर वटवाघळांची वस्ती असेल तर पोरांना तिथे फटाके फोडू देऊ नका आणि ते झाड तोडू नका.

जुन्या मोहाच्या ढोलीचंही असंच. नऊपैकी एखादं झाड आतून पोकळ असेल, फुलंही कमी देत असेल, आणि व्यापारी म्हणेल की निदान हे तरी द्या. देऊ नका. राखी धनेश, पोपट, पिंगळा, घुबड, घोरपड, मधमाश्या या सगळ्यांना तयार ढोली लागते, आणि ढोली व्हायला झाडाला माणसाच्या आयुष्याहून जास्त वेळ लागतो. एक घुबडाची जोडी बांधीतले उंदीर किती खाते ते धान कापणीच्या वेळी दिसतं.

आता अस्वल आणि वाघ. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नागभीड, आरमोरी या भागात मोहाच्या आणि तेंदूच्या दिवसांत माणसांवर होणारे हल्ले तुम्ही दरवर्षी ऐकता. त्यामागे बऱ्याचदा एकच परिस्थिती असते. बाई एकटी, पहाटेच्या अंधुक उजेडात, खाली बसून किंवा वाकून फुलं वेचते आहे. वाघाला वाकलेला माणूस उभ्या माणसासारखा दिसत नाही. अस्वलाचं वेगळं. त्याची नजर कमजोर असते आणि खाण्यात ते इतकं गुंग असतं की माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्याला कळत नाही. मग ते दचकतं, आणि दचकलेलं अस्वल पळण्याआधी अंगावर येतं. म्हणून चांगलं उजाडल्यावरच जायचं, तीन-चार जणांनी मिळून जायचं, वाटेने मोठ्याने बोलत जायचं, आणि झाडाशी पोचण्याआधी लांबूनच हाकारा करून थांबायचं. वेचताना एकाने उभं राहून लक्ष ठेवायचं. झाडाखाली ताजी विष्ठा किंवा नुकतीच उकरलेली माती दिसली तर त्या दिवशी ते झाड सोडून द्यायचं. लहान मुलांना सोबत न्यायचंच नाही. कुत्रं नेऊ नका. अस्वलाने त्याचा पाठलाग केला की ते धावत तुमच्याकडेच येतं. जाळी बांधली असेल तर घाईच नाही. फुलं मध्यरात्रीनंतर पडायला लागतात आणि सकाळपर्यंत पडत राहतात. आठ वाजता गेलात तरी तुमचा वाटा जाळीत असतो. जनावरं थोडं खातील, ते खाऊ द्या.

सावलीने धान कमी भरतो हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. मोह डेरेदार झाड आहे आणि त्याला भरपूर पसरायची सवय आहे. उपाय म्हणजे खालच्या फांद्या उचलणं. धान कापणी झाल्यावर, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, बांधीवर आलेल्या सर्वांत खालच्या फांद्या खोडालगत पण खोडाला इजा न करता करवतीने कापा. आधी खालून चीर द्या, मग वरून कापा, म्हणजे साल सोलून येणार नाही. एका वर्षी डेऱ्याच्या चौथाईपेक्षा जास्त काढू नका आणि वरच्या फांद्यांना हात लावू नका. कुऱ्हाडीने खुंट ठेवून तोडलेली फांदी कुजते आणि ती कुज खोडात उतरते. फांद्या उचलल्यावरही झाडालगतच्या काही ओळींत धान हलकाच राहील. त्या पट्टीत गवत राखा, फुलं वाळवायला जागा ठेवा. दोन ओळींच्या धानापेक्षा झाडाचं उत्पन्न जास्त आहे.

बांधी सपाट करायला जेसीबी आणणार असाल तर चालकाला झाडापासून लांब ठेवा. डेऱ्याची सावली जिथवर पडते तिथवर मुळं असतात असं समजा. मुळं तुटलेलं किंवा बुंध्यावर दोन हात माती चढवलेलं झाड लगेच मरत नाही. तीन-चार वर्षं शेंड्याकडून वाळत येतं, आणि तोवर कारण कोणाच्या लक्षात राहत नाही.

बांडगूळ पाहा. मोहावर ते फार होतं. दुरून डेऱ्यात वेगळ्या रंगाचा, दाट पानांचा गुच्छ दिसतो तेच. त्याची फळं फुलटोच्या पक्षी खातो आणि चिकट बी दुसऱ्या फांदीला पुसतो, तिथे नवं बांडगूळ उगवतं. एखादा-दुसरा गुच्छ असेल तर तसाच राहू द्या, पक्ष्यांना त्याचा उपयोग आहे. पण अर्धा डेरा व्यापला असेल तर फुलं कमी होण्याचं कारण कदाचित तेच आहे. नुसतं बांडगूळ ओरबाडून उपयोग नाही, त्याचं मूळ फांदीच्या आत असतं. त्याच्या खाली हातभर अंतरावर फांदीच कापावी लागते, आणि फळं धरण्याआधी कापावी लागते. हे काम चढणाऱ्या जाणत्या माणसाकडूनच करून घ्या.

आता माझ्या मते मुख्य काम, म्हणजे नवे मोह.

मोहाचं बी साठवता येत नाही. टोळ पिकून पडल्यापासून काही आठवड्यांतच त्याची उगवण संपते. उन्हात वाळवलेलं, घाणीसाठी ठेवलेलं बी पेरून "मोह उगवत नाही" म्हणणारे खूप भेटतात. जूनच्या शेवटी किंवा जुलैत टोळ पडली की गर काढा, मोठं, भरीव बी निवडा आणि त्याच आठवड्यात पेरा. दुसरी गोष्ट मुळाची. मोहाचं सोटमूळ सुरुवातीलाच खोल जातं आणि वरची वाढ मात्र मंद असते. पहिल्या वर्षी रोप वीत-दीड वीत वाढलं तरी नाराज होऊ नका, त्या वेळी ते खाली काम करत असतं. म्हणूनच लहान पिशवीत वाढवलेलं, मूळ गोल वळलेलं रोप लावलं की जमत नाही. माझी पसंती थेट जागेवर पेरण्याला आहे. धुऱ्यावर किंवा पडीक मुरमाड जागेत, पाणी साचणार नाही अशा ठिकाणी, हातभर खड्डा करून माती आणि शेणखत भरा. पाऊस लागल्यावर दोन-तीन बिया बोटाच्या दोन पेरांइतक्या खोल टोचा आणि पुढे एकच जोमदार रोप ठेवा. दोन झाडांत तीस हात अंतर हवं. रोपवाटिकाच करायची असेल तर लांब पिशव्या घ्या, महिन्यातून एकदा पिशवी उचलून मूळ जमिनीत शिरू देऊ नका आणि पुढच्या पावसाळ्याच्या पहिल्या पंधरवड्यात लावा.

पण लावण्याआधी आहेत ती जपा. आपोआप आलेलं रोप त्या जागेला मानवलेलं असतं, त्याला पाणी घालावं लागत नाही. दिवाळीनंतर गवत वाळायला लागलं की शिवारात फिरा. वटवाघळांच्या खाण्याच्या झाडांखाली, धुऱ्याच्या कडेला, झुडपांच्या आडोशाला रोपं शोधा. प्रत्येकाजवळ बांबूची रंगवलेली काठी रोवा, भोवती दोन हात गोल जागा गवत काढून उघडी करा म्हणजे आग पोचणार नाही, आणि बोरी-बाभळीच्या काट्यांचं कुंपण घाला. रायमुनियाने (घाणेरीने) दाबलं असेल तर ती मुळासकट उपटा. एवढंच काम दरवर्षी करायचं, जोवर शेंडा बकरीच्या तोंडाच्या वर जात नाही तोवर. त्याला पाच-सात वर्षं सहज लागतात. बहुतेक लागवडी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मरतात, कारण तोवर फोटो काढून झालेले असतात आणि काटे बदलायला कोणी जात नाही.

आणि बी शिल्लक ठेवा. टोळीला तेल आहे, पैसा आहे, म्हणून शेवटची टोळसुद्धा घरात येते. मग उगवणार काय? नऊपैकी दोन झाडांखालच्या टोळीला हात लावायचा नाही असं ठरवा. गावाने ठरवलं तर अजून चांगलं. मोहाखालचा वारसा घराघरांत वाटलेला असतो, कोणतं झाड कोणाचं हे सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे असा नियम ग्रामसभेतच टिकतो. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाने मिळून जंगल वापरायचा आणि राखायचा हक्क, मिळाला, देशात सर्वांत आधी मिळालेल्यांपैकी ते एक. तेव्हापासून आपल्या भागातल्या अनेक ग्रामसभांकडे आता गौण वनोपजाची, म्हणजे मोहफूल, तेंदूपत्ता अशा लाकडाव्यतिरिक्तच्या वनउत्पन्नाची, मालकी आहे. तुमच्या गावाचा दावा मंजूर असेल तर आग न लावणं, कच्ची टोळ न पाडणं, राखीव बीजझाडं आणि खोल जंगलातली फुलं सोडणं हे चार नियम ठरावात आणा. दंड किती लावायचा ते गाव ठरवील. नियम कोणत्या महिन्यापासून लागू हे मात्र ठरावात लिहा, नाहीतर होळीच्या आसपास वाद होतो.

टोळीच्या तेलाबद्दल थोडक्यात. बियांच्या गरात वजनाच्या ३५ ते ५० टक्के तेल निघतं. थंडीत ते तुपासारखं थिजतं. आपल्याकडच्या घरांत ते भाजीला, दिव्याला, भेगाळलेल्या पायांना वापरत आले आहेत आणि साबणासाठीही त्याला मागणी असते. बी चांगलं वाळवून, फोडून, बुरशी लागलेला गर निवडून बाजूला काढल्याशिवाय घाणीवर नेऊ नका, एक कुजका गर सगळ्या तेलाला वास लावतो. ढेप, म्हणजे तेल काढल्यावर उरलेला चोथा, जनावरांना घालू नका, तिच्यात सॅपोनिन नावाचं विषारी द्रव्य असतं. तीच ढेप तळ्यात पडली तर मासे मरतात, म्हणून बोडीच्या (शेतातल्या छोट्या तळ्याच्या) काठावर ढेपेची पोती ठेवू नका. मत्स्यबीज सोडण्याआधी तळ्यातले शिकारी मासे काढायला मात्र ती मुद्दाम वापरतात, हेक्टरी २००० ते २५०० किलो. त्यानंतर विषाचा असर जायला किमान तीन आठवडे थांबावं लागतं, आणि मग ती खत म्हणून काम करते. मामा (माजी मालगुजारी) तलाव ठेक्याने घेणाऱ्या ढिवर, म्हणजे मासेमार, बांधवांना हे ठाऊक असतं, त्यांना विचारून भाव ठरवा, चांगलं गिऱ्हाईक मिळेल.

फुलं विकण्याची घाई करू नका. हंगामात पडेल भावाने विकलेला मोह भाद्रपदात त्याच दुकानातून चढ्या भावाने परत आणणारी घरं मी पुष्कळ पाहिली आहेत. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये मोहफुलं गोळा करणं, साठवणं आणि नेण्यावरची जुनी बंधनं उठवली, त्यामुळे घरात साठा ठेवायला आता भीती नाही. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, ती वेगळी गोष्ट. फूल ठेवणं गुन्हा नाही, गाळणं आहे. फुलं ताडपत्रीवर पातळ पसरून तीन-चार कडक उन्हं द्या, मुठीत दाबल्यावर चिकटून गोळा होत नाही इतकी वाळवा, आणि पावसाळ्याआधी कोरड्या कणगीत किंवा प्लॅस्टिकचं अस्तर असलेल्या पोत्यात जमिनीपासून वर ठेवा. थोडी घरासाठी राखा. भाजून तीळ-जवसासोबत कुटलेले मोहाचे लाडू पोरांना द्या. ते खाणं आपल्या हाताने हलकं ठरवून आपण सोडून दिलं, याचं मला वाईट वाटतं.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. बियाचा मोह साधारण आठ ते पंधरा वर्षांत पहिली फुलं दाखवतो आणि भरात यायला वीस वर्षांच्या पुढे जातो. तुमचं वय तिशीच्या आत असेल तर पन्नाशीत तुम्ही स्वतः लावलेल्या झाडाखाली चांगली वेच कराल. त्याहून लवकर हवं असेल तर कलमं आहेत, ती चार-पाच वर्षांत फुलावर येतात. आपल्याच गावातल्या, दरवर्षी भरवशाने फुलणाऱ्या झाडाची काडी घेऊन वर्षभराच्या रोपावर मृदकाष्ठ कलम, म्हणजे कोवळ्या खोडावरचं कलम, बांधता येतं. तुमच्या जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात हे बांधायला शिकवतील का ते विचारा. कलमं फक्त शेतात आणि घरामागे लावा. जंगलात बियाचाच मोह हवा. एकाच झाडाच्या काड्यांनी जंगल भरलं तर एका रोगात सगळं जाईल, आणि वेगवेगळी झाडं पुढे-मागे फुलतात म्हणून जनावरांना महिनाभर मिळणारं खाणं आठवड्यात संपेल. या जुलैत धुऱ्यावर सहा-सात जागी बी टोचा, दोन कलमं घराजवळ लावा, आणि व्यापाऱ्याला नाही म्हणून कळवा.